बिरागो आंटींच्या पाण्याच्या वह्या

आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. बिरागो आंटींचा केसानं गळा कापला तो प्रोफेसर अन्तोबामनं, हे आमचं अख्खं विद्यापीठ जाणतं. पण त्या सकाळी आंटींच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून कोण बसलं होतं आणि पेला पहिल्यांदा कुणी तोंडाला लावला, हे विचारलंत तर मला मान खाली घालावी लागेल. दुसऱ्या कुणी सांगितलं तर तो मला सांभाळून घेईल. ते मला नको, म्हणून मीच सांगतो.

मी आम्पोन्सा. घानात, कुमासीहून दोन तासांवर आमचं विद्यापीठ, तिथल्या ग्रंथालयात तेवीस वर्षं पुस्तकबांधणी करतोय. माझ्या खोलीला लागूनच आंटींची खोली. मधली भिंत नावापुरती, छतापर्यंत पोचलेलीच नव्हती, वर फूटभर मोकळं. त्यामुळे त्यांच्याकडे कोण आलं, काय रडगाणं गाऊन गेलं, सगळं मला इकडे ऐकू यायचं. दुपारी त्या तिकडून हाक मारायच्या, "आम्पोन्सा, वाच्ये गार होतंय, येतोस की पाठवू?" आणि मी हाताची खळ पुसत तो चवळी-भात खायला जायचो.

खोलीच्या दारावर पाटी होती 'संशोधन साहाय्य'. पाटी लहान, काम डोंगराएवढं. कुणाला बाहेरच्या निधीसाठी अर्ज करायचाय, की तो आला आंटींकडे. कोणती संस्था कशाला पैसे देते, मुदत कधीची, आपल्यासारख्यांना खरंच देतात की नुसतं म्हणतात, हे त्यांना तोंडपाठ. 'तुमची माहिती तुम्ही कुठे जपणार, पुढच्यांना ती कशी मिळणार' असा एक रकाना त्या अर्जात असतो. आमच्या भल्याभल्या विद्वानांना तिथे घाम फुटायचा. आंटी त्यांना समोर बसवून तो भरून घ्यायच्या.

लेख लिहून झाला की कुठे पाठवायचा, हेही त्याच सांगायच्या. 'आठ दिवसांत छापतो, आधी डॉलर पाठवा' असली पत्रं आमच्या तरुण मास्तरांना रोज येतात आणि बिचारे फसतात. आंटींनी अशा भामट्या नियतकालिकांची एक लाल वही केली होती, त्यात नाव चढलं की चढलं. चांगली नियतकालिकंही काही कमी नसतात. लेख सगळ्या जगाला फुकट वाचायला ठेवायचा तर लेखकाकडून भलीमोठी फी मागतात. ती माफ होऊ शकते, पण मागितल्याशिवाय कुणी हूं की चूं करत नाही. आंटी मागायच्या. एकेका लेखासाठी सात-आठ पत्रं लिहायच्या, आणि माफी मिळाली की ज्याचा लेख त्याच्याआधी मला भिंतीवरून सांगायच्या.

अशी शंभरावर माणसं त्यांच्या हाताखालून गेली. कुणी डॉक्टर झाला, कुणी डीन झाला. आणि आंटी? होत्या तिथेच. आमच्याकडे ग्रंथपालालाही बढती हवी तर स्वतःच्या नावाचा छापील लेख लागतो. दुसऱ्यांचे लेख उभे करता करता बाईंचा एकही झाला नव्हता. साठीला निवृत्ती, आणि त्यांना सत्तावन्न पुरी झालेली. लेख लिहायला त्यांच्याकडे काही नव्हतं अशातला भाग नाही. त्यांच्याकडे वह्या होत्या.

आंटींचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्या काळच्या मास्तरांना रोजची नोंद ठेवावी लागे. शाळा भरली का, पोरं किती आली, नाही आली तर का नाही. पोरं यायची नाहीत ती बहुतेक वेळा एकाच कारणानं, ओढा आटला म्हणून लांबच्या पाण्याला गेलेली असायची. वडील वारले तेव्हा आईनं त्यांच्या नोंदवह्या शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला काढल्या. पोरगी लहान होती, कुणी तिला विचारलं नाही. पुढे ग्रंथालयात नोकरी लागल्यावर ती बोच वर आली. कुठल्या गावचा ओढा कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात आटला, हे असं तारीखवार दुसऱ्या कुणी लिहून ठेवलंय? कुणीच नाही.

मग सुट्टी मिळाली की आंटी निघायच्या. गावोगाव जाऊन जुन्या मास्तरांची घरं शोधायची, पोरीबाळींशी, नातवंडांशी बोलायचं, माळ्यावरच्या पेट्या उघडायला लावायच्या. अठरा वर्षांत दोनशे बारा वह्या जमवल्या. फाटक्या, वाळवीनं खाल्लेल्या, सगळ्या आमच्या त्वी भाषेत. बांधल्या मी. आंटींनी एकेक ओळ वाचून कार्डं केली, भाषांतर केलं, गावाच्या नावांचा मेळ लावला. पेटीवर पेटी झाली कार्डांची.

वह्या फुकट दिल्या नव्हत्या कुणी. पैसे मागितले नाहीत, शब्द मागितला. पोकुआ म्हणून एक आजी होती, मास्तर अफ्रियेची मुलगी. नव्वदीला टेकलेली, पण जीभ शाबूत. ती म्हणाली होती, वही ने, पण छापशील तेव्हा माझ्या बापाचं नाव छाप, मला दाखव, मग मी मरेन. आंटींनी तिचा हात हातात घेऊन हो म्हटलं. मी होतो तिथे, वही मीच उचलून आणली.

आता अन्तोबाम. हा माणूस आमच्याकडे आला तेव्हा साधा अधिव्याख्याता होता. पाण्याचा अभ्यास करायचा. हुशार, यात वाद नाही. पण त्याचे अर्ज एकामागून एक परत यायचे, आणि तो आंटींच्या खोलीत येऊन डोकं धरून बसायचा. त्यांच्याच डब्यातलं खायचा. त्याच्या बायकोचं बाळंतपण अडलं तेव्हा आंटी दोन रात्री इस्पितळात बसल्या होत्या. पहिला निधी त्याला मिळाला तो त्यांनी लिहिलेल्या अर्जावर, प्रोफेसर झाला तो त्यांनी मार्गी लावलेल्या लेखांवर. हे मी मनचं सांगत नाही, भिंत उघडी होती.

एके दिवशी त्याला वह्यांचा पत्ता लागला. म्हणजे आंटींनीच भोळेपणानं दाखवल्या. तो तासभर कार्डं चाळत राहिला. मग म्हणाला, "आंटी, ऐंशी वर्षांचं पाणी तुम्ही खोक्यात भरून ठेवलंय आणि मी बाहेर मोजमापं घेत हिंडतोय." त्यानं सुचवलं की दोघांनी मिळून मोठा निधी मागू. लेखात पहिलं नाव त्याचं, दुसरं आंटींचं, शेवटी सगळ्या मास्तरांची यादी. वह्यांची चित्रं आणि सगळी माहिती ग्रंथालयात, कुणालाही वाचायला खुली. हे त्याच्या तोंडचं आहे. मी तेव्हा खळ ढवळत होतो, ढवळायचा थांबलो होतो.

सहा महिने अर्ज चालला. आंटींनी जीव ओतला. आणि निधी मिळाला, त्याच्या विभागानं जन्मात पाहिला नसेल एवढा. ती बातमी आली त्या दिवशी आंटी भिंतीवरून काही बोलल्या नाहीत, नुसतं टकटक केलं. मी गेलो तर डोळे पुसत होत्या.

तिसऱ्या सकाळी अन्तोबाम आला. अंगावर नवं कापड पांघरलेलं, बरोबर विभागातले दोन वडीलधारे, आणि हातात श्नॅप्सच्या, म्हणजे कडक दारूच्या, दोन बाटल्या. असेदा घेऊन आलो म्हणाला. असेदा म्हणजे आभाराची बाटली, पण नुसते आभार नव्हेत ते. कुणी कुणाला जमीन दिली, वस्तू दिली, हक्क दिला, तर घेणारा साक्षीदारांसमोर ही बाटली देतो. देणाऱ्यानं ती स्वीकारली, प्यायली, की दिलेलं दिलं. मग ब्रह्मदेव आला तरी परत मागता येत नाही. आम्हा असांते लोकांत शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

म्हणूनच तर रीत आहे. पाहुणा बसला की आधी पाणी द्यायचं, आणि मग घरच्या बाजूच्या माणसानं विचारायचं, आपलं येणं कशासाठी? पाहुणा चार माणसांत कारण सांगणार, मगच पुढचं. कारण विचारल्याशिवाय कुणाची बाटली फोडायची नसते. आंटींच्या बाजूचा माणूस म्हणून त्यांनी मला हाक मारली. विचारायचं काम माझं.

मी विचारलं नाही.

का नाही विचारलं? अहो, आनंद झाला होता. अन्तोबाम घरचाच, त्याला काय पाणी द्यायचं आणि काय कारण विचारायचं, निधी मिळाला त्याचे आभार मानायला आलाय हे उघडच आहे, असं वाटलं. आंटीच हसत म्हणाल्या, "राहू दे रे ते सोपस्कार, तो काय परका आहे?" आणि खरं सांगायचं तर श्नॅप्स चांगल्यापैकी होती. मी बाटली फोडली, पूर्वजांसाठी दोन थेंब जमिनीवर सांडले, आणि पेला तोंडाला लावला. आंटी प्यायल्या. ते दोघे वडीलधारे प्यायले. अन्तोबामनं आंटींचे दोन्ही हात धरले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं की खोटं, हे मला अजून कळलेलं नाही.

नंतर दीड वर्ष अन्तोबामचे विद्यार्थी येऊन कार्डांचे फोटो काढून नेत होते. आंटी त्यांना जुनी अक्षरं वाचायला शिकवत होत्या. लेखाचं काय झालं विचारलं की प्रोफेसर म्हणायचा, चाललंय आंटी, तुमच्या निवृत्तीआधी हातात देतो. आंटी कॅलेंडरवर खुणा करत होत्या.

लेख छापून आल्याचं आंटींना अन्तोबामनं सांगितलं नाही. त्याच्या नावाची काही नवी नोंद आली की आपोआप कळवणारी सोय आंटींनीच कधीकाळी संगणकावर करून ठेवली होती, त्याची कीर्ती जपायला. एका सकाळी नोंद आली. पाच नावं होती. आंटींचं नव्हतं. त्यांनी लेख उघडायला घेतला तर उघडेना. प्रोफेसरनं तो एका बड्या, कुलूपबंद नियतकालिकाला दिला होता. पैसे भरा मग वाचा. आमच्या ग्रंथालयाला ते परवडत नाही. म्हणजे वह्या हिच्या, कार्डं हिची, भाषांतर हिचं, आणि वाचायची चोरी हिलाच.

अक्राच्या एका ग्रंथपाल मैत्रिणीनं लेख मिळवून पाठवला. मी आंटींच्या मागे उभा होतो. त्या पानं खाली सरकवत गेल्या. मास्तरांची यादी नव्हती, 'स्थानिक जुनी कागदपत्रं' एवढंच होतं. अगदी तळाला, बारीक अक्षरात, 'ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांचे आभार'. आंटींनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "बघ आम्पोन्सा, तूपण आलास यात." त्यांचा आवाज अगदी साधा होता.

त्यांनी तक्रार केली. भांडकुदळ बाई नव्हत्या, पण निवृत्तीला चार महिने उरले होते आणि पोकुआ आजी जिवंत होती. संशोधन समितीची बैठक बसली. कागदावर काही लिहून घेतलं होतं का, असं विचारलं गेलं. नव्हतं. ज्या बाईनं शंभर जणांना सांगितलं होतं की कामाला हात लावायच्या आधी नावांचं लिहून घ्या, तिनं स्वतःचं लिहून घेतलं नव्हतं. कशाला घेईल? आपल्याच डब्यातलं खाल्लेला माणूस होता तो.

अन्तोबाम उठला. सुटाबुटात होता त्या दिवशी. आंटींबद्दल फार गोड गोड बोलला. मग म्हणाला, "वह्या आंटींच्या होत्या, कोण नाही म्हणतंय? त्यांनी त्या मला दिल्या. मी रीतीप्रमाणे असेदा केला, त्यांनी साक्षीदारांसमोर स्वीकारला. इथे बसलेले सगळे असांते आहेत, मी काय नवीन सांगतोय?"

दोघे वडीलधारे माना हलवत होते. समितीतही माना हलायला लागल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बाईंच्या बाजूचा. बाटली घेतली होती का?"

इथेच सगळं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, साहेब, घेतली, पण कारण विचारलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. कारण न विचारता घेतलेल्या बाटलीनं काही बांधलं जात नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. हे वाक्य उच्चारलं असतं तर पारडं फिरलं असतं. पण ते उच्चारणं म्हणजे सगळ्या बड्या माणसांसमोर कबूल करणं, की मी पन्नाशीचा असांते बाप्या, श्नॅप्स बघून भान विसरलो आणि शेंबड्या पोराला कळतं ते मला कळलं नाही. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मला कुणी धमकावलं नव्हतं, लालूच दाखवली नव्हती. मला नुसती लाज वाटली.

मी म्हटलं, "घेतली."

"प्यायलात?"

"प्यायलो."

आंटी माझ्याकडे बघत होत्या. माझं पुढचं वाक्य येईल म्हणून वाट बघत होत्या. मी मूग गिळून बसलो. अध्यक्षांनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला आणि त्यानं भिंतीवरची ती फूटभर मोकळी जागा फळीनं बंद केली. आंटींनी स्वतःच्या खिशातून करून घेतलं. त्यानंतर चार महिन्यांत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. निरोप समारंभाला अन्तोबामनं भाषण केलं, टाळ्या पडल्या. आंटी ज्या पदावर होत्या त्याच पदावर निवृत्त झाल्या. वह्या त्यांनी एकेक करून घरोघरी परत केल्या. बसनं, भाड्याच्या मोटरसायकलनं, जमेल तशा. मी जाऊ का विचारायला गेलो होतो, दार उघडलं नाही.

वर्षभरानं मला राहवेना. बायकोच्या मामांना मध्यस्थ म्हणून घेतलं, एक बाटली घेतली आणि आंटींच्या गावी गेलो. माफी मागायची तरी रीत असते. आंटी पडवीत भेंड्या चिरत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, खुर्च्या मांडल्या, हात धुवून आल्या. दोघांना पाणी दिलं. आम्ही प्यायलो. मग त्या समोर बसल्या, पदर सारखा करावा तसं अंगावरचं कापड नीट केलं, आणि म्हणाल्या, "इथं सगळं कुशल आहे. आपलं येणं कशासाठी?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'आपण' म्हटलं नव्हतं.

मामा बोलायचे होते, पण मीच बोललो. समितीसमोर जे बोललो नाही ते सगळं बोललो. लाज वाटली म्हणून गप्प बसलो, हेही सांगितलं. आंटींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आत्ता मी तुला विचारलं," त्या म्हणाल्या, "किती वेळ लागला रे?"

"वेळ कसला आंटी. काहीच नाही."

"पोकुआ आजीला वही परत द्यायला गेले. डोळे गेलेत तिचे. वहीवरून हात फिरवून म्हणाली, कुठल्या पानावर आहे माझा बाप, बोट ठेव. मी काय सांगू? अन्तोबाम काय, परका होता, मीच मेली त्याला घरचा समजले. पण तू तिथे होतास, आम्पोन्सा. तिच्या घरातही होतास."

 मामांनी बाटली पुढे सरकवली आणि हळूच म्हणाले, पोरी, याची चूक पोटात घाल.

आंटींनी बाटलीकडे पाहिलं. हात लावला नाही. म्हणाल्या, "ही घेतली की तुझंही मिटेल. घेऊन जा."

मग उरलेल्या भेंड्या चिरायला बसल्या. आम्हाला जेवून जा म्हणाल्या, कारण वेळ जेवणाची होती, आणि आम्ही जेवलोही. त्यांच्या पुतणीनं वाढलं.

ती बाटली माझ्या बांधणीच्या खोलीत आहे, खळीच्या डब्याशेजारी. शेजारच्या खोलीत आता नवी मुलगी आली आहे, चुणचुणीत आहे. तिनं एकदा विचारलं, काका, ही कधी फोडायची? मी तिला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सील अजून तसंच आहे.